विहारयात्रेकडून धम्मयात्रेकडे : आपल्या शैक्षणिक सहलींचा एक अभ्यास

सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठवा लेख सहलीविषयी आहे, असे सांगितले तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. त्या लेखाचा आशय थोडक्यात असा आहे : पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. ‘विहार’ हा शब्द तेथे मौजेच्या अर्थाने आला आहे. शिकार आणि तशाच इतर करमणुकी हे त्या यात्रांचे स्वरूप होते. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला गेला. हे स्थान म्हणजे बोधगया, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची विचारपूस व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांचे दर्शन, धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरे, एवढ्या गोष्टी होत. यात मिळणारा आनंद पूर्वीच्या आनंदाहून मोठा आहे, असे राजाने दगडावर कोरून ठेवले.

या सूचीतील शेवटची गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. तेथे उपदेश आहे आणि त्याच्या जोडीला प्रश्नही आहेत. ज्या सहलीत मुले प्रश्न विचारत नाहीत ती विहारयात्रा, आणि ज्या सहलीतून मुले प्रश्न घेऊन परततात ती धम्मयात्रा, अशी सोपी व्याख्या मी गेली कित्येक वर्षे मनाशी बाळगली आहे. आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्या अनुभवाचा हिशेब मांडावा, यासाठी हा लेख. यातील काही प्रसंग माजी विद्यार्थ्यांना आठवतील. जेथे मी चुकलो तेही येथे लिहिले आहे, कारण इतिहासाच्या शिक्षकाने स्वतःचा इतिहास गाळून चालत नाही.

चार स्थळे, एक दिवस आणि कोरी वही

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी प्रथमच सहलप्रमुख झालो. एका दिवसात चार ठिकाणे दाखवायची, असा माझा उत्साही बेत होता. पहाटे चारला एसटी निघाली. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा आणि औरंगाबादची लेणी हे सर्व सूर्यास्तापूर्वी ‘उरकले’. परतल्यावर निबंध लिहून घेतले, तेव्हा बहुतेकांनी डब्यातील पुऱ्यांविषयी, बसमधील गाण्यांविषयी आणि माकडांविषयी लिहिले होते. लेण्यांविषयी एकच वाक्य वहीमागून वहीत आढळले : ‘लेणी फार छान होती.’ त्यात मुलांचा दोष नव्हता. आम्ही त्यांना धावायला लावले होते, पाहायला शिकवले नव्हते.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही. ती केवळ मला ठाऊक होती.

पाच क्रमांकाचे लेणे

वेरूळला चौतीस प्रमुख लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस ब्राह्मणी आणि तीस ते चौतीस जैन. बौद्ध लेण्यांचा काळ साधारणपणे इसवी सनाच्या सातव्या शतकापासून आठव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा मानला जातो. बहुतेक प्रवासी सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पाहतात, वेळ उरला तर दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात डोकावतात आणि परततात. दक्षिण टोकाची पहिली पाच लेणी सहसा ओस असतात.

त्यांतील पाचवे लेणे विलक्षण आहे. आत शिरताच एक अतिशय लांब दालन दिसते. त्याची खोली शंभर फुटांहून अधिक आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्यामागे भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आणि टोकाला बुद्धमूर्ती असलेले गर्भगृह. दालनाच्या मध्यभागी, प्रवेशापासून आतपर्यंत, दगडात कोरलेले दोन लांबच लांब बुटके ओटे समांतर गेले आहेत. कान्हेरीच्या ‘दरबार’ लेण्यातही अशीच रचना आहे. भिक्खुसंघ येथे समोरासमोर बसून भोजन करीत असावा किंवा सूत्रपठण व अध्ययन करीत असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

या लेण्याचे लोकप्रचलित नाव ‘महारवाडा’. पावसाळ्यात जवळपासच्या महार कुटुंबांनी येथे आसरा घेतला म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या ‘केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात तर आरंभीच्या या लेणीसमूहाला ‘ढेडवाडा’ म्हटले आहे.

त्या पहिल्या सहलीत मी हे नाव मुलांपासून लपवले. मला ते ठाऊक होते. ‘हे पाच नंबरचे लेणे, चला पुढे,’ एवढेच बोलून मी त्यांना बाहेर काढले. आमच्या सोबत दुसऱ्या एका शाळेचीही मुले होती. त्यांच्यासमोर ते नाव उच्चारले जाऊ नये, असे मला वाटले. बाबासाहेबांचे साहित्य वाचलेल्या, इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाच्या मनात खोलवर लाज दडून बसली होती. परतीच्या बसमध्ये मला झोप लागली नाही. ज्या लाजेतून मुलांना बाहेर काढण्यासाठी हे विद्यालय उभे राहिले, तीच लाज मी त्यांच्या हाती सोपवून आलो होतो.

पुढच्या वर्षी आम्ही केवळ वेरूळला गेलो आणि त्यातही केवळ बौद्ध लेणी पाहिली. पाचव्या लेण्यात मुलांना ओट्यांच्या कडेने दोन रांगांत बसवले आणि मी ते नाव स्पष्ट उच्चारले. कोणी हसले नाही. काही काळ शांतता पसरली. मग सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, आपली माणसं पावसात इथंच का आली? त्यांना कुणी सांगितलं होतं का, की हे आपलं आहे?”

या प्रश्नाचे उत्तर मी चटकन देऊ शकलो नाही. भावनेने ‘होय’ म्हणणे सोपे होते. मी तिला सांगितले, “तुझा प्रश्न वहीत लिही. त्याच्याखाली तीन रकाने आख : पुरावा, अनुमान आणि आपली इच्छा.”

त्या रकान्यांत आम्ही काय भरले ते सांगतो. ओटे आहेत, हा पुरावा. त्यांवर वा त्यांच्याकडेला भिक्खू रांगेने बसत, हे अनुमान. संघात आसनाचा क्रम जन्मावरून न ठरता उपसंपदेच्या ज्येष्ठतेवरून ठरे, हे विनयपिटकावरून कळते. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली या न्हाव्याला दीक्षा दिली गेली, ही परंपराही तेथेच सांगितली आहे. म्हणून या रांगेत जात विचारली जात नसावी, हे सबळ अनुमान. पावसात येथे आलेली माणसे त्या भिक्खूंच्या उपासकांची वंशज होती, ही मात्र आज तरी आपली इच्छा. अस्पृश्य हे पूर्वीचे बौद्ध होते, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मांडला. पण इतिहासाचे दुवे जेथे तुटलेले असतात तेथे तर्काने ते सांधावे लागतात, हेही त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले. सिद्धान्ताला सिद्धान्त म्हणण्याचे धैर्य त्यांच्याकडे होते. ते धैर्य मुलांना देणे हा आमच्या सहलीचा पहिला धडा ठरला.

ती मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे. तिचे तीन रकाने आजही आमच्या सहलवहीच्या पहिल्या पानावर छापलेले असतात.

दौलताबादचा हौद, १९३४

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ते वेरूळ हे अंतर सुमारे तीस किलोमीटर. वाटेत मधोमध दौलताबाद लागते. देवगिरीच्या यादवांची राजधानी, अल्लाउद्दीन खलजीची १२९६ ची स्वारी, महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास येथे हलवलेली राजधानी, एवढे पाठ्यपुस्तकात येते. आपल्या मुलांना तेथे आणखी एक सन शिकवावा लागतो : १९३४.

त्या वर्षी चळवळीतील सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना सहलीला येण्याची विनंती केली. ती त्यांनी मान्य केली. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस जणांचा हा समूह नाशिकहून औरंगाबादच्या दिशेने निघाला. अस्पृश्यतेचा त्रास टाळण्यासाठी मुक्कामाची ठिकाणे सोडून इतरत्र ओळख न सांगता प्रवास करायचा, असा त्यांचा निर्णय होता. दौलताबादला पोहोचले तेव्हा प्रवासाच्या धुळीने सर्वांचे चेहरे भरले होते. किल्ल्याच्या प्रवेशद्वाराशी पाण्याने भरलेला हौद होता. काहींनी त्यात हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले. एवढ्यात एक वृद्ध मुसलमान ‘ढेडांनी हौद बाटवला’ असे ओरडत आला. जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. आम्ही बाहेरचे आहोत, येथील रीत आम्हाला ठाऊक नव्हती, असे सांगितल्यावर जमावाचा रोष तेथे आलेल्या स्थानिक अस्पृश्यांवर वळला. या परक्यांना तुम्ही आधी का सांगितले नाही, म्हणून त्यांना दरडावण्यात आले. कोणी अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही हे पाणी घेऊ देणार नाही काय, या बाबासाहेबांच्या प्रश्नाने जमाव निरुत्तर झाला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर. अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी सोबत एक सशस्त्र शिपाई देण्यात आला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात स्वतः नोंदवला आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी ज्यांनी ओंजळीत घेतले, त्या नेत्याला सात वर्षांनंतर एका सहलीत पाण्यावरून बंदुकीच्या पहाऱ्यात फिरावे लागले. हिंदूंच्या दृष्टीने जो अस्पृश्य, तो इतर धर्मीयांच्या दृष्टीनेही अस्पृश्यच ठरतो, हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला.

हा धडा शिकवताना शिक्षकाने फार जपावे लागते. आमच्या एका विद्यार्थ्याने तावातावाने विचारले होते, “म्हणजे मुसलमान आपले शत्रू का, सर?” मी त्याला महाडचे तळे कोणी अडवले होते ते आठवायला सांगितले. मग दोन्ही घटना फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि दोन्हींत समान काय ते शोधायला लावले. मुलांनी शोधले : पाणी समान, शिवी समान, भीती समान. बाटवण्याची कल्पना धर्माची वेस ओलांडून गेली होती. आपले भांडण त्या कल्पनेशी आहे, कोणा समाजाशी नाही. जो विद्यार्थी एवढे समजून घेतो त्याला इतिहास समजला, असे मी म्हणतो.

पुढे एका मुलानेच आणखी एक दुवा दाखवला. १८८० च्या ग्रंथात लेण्यांच्या नावात असलेला ‘ढेड’ हा शब्दच १९३४ साली हौदावर शिवी म्हणून उच्चारला गेला. एका शब्दाच्या पाठीवरून मुले दोन स्थळे जोडू लागली, तेव्हा माझ्या जुन्या लाजेचा शेवटचा अंश गळून पडला.

आता आम्ही दौलताबादच्या दरवाज्याशी मुलांना आपापल्या बाटल्यांतील पाणी एकमेकांना प्यायला देण्यास सांगतो. कोणतीही घोषणा नाही, भाषण नाही. मग दोन मिनिटे शांत उभे राहून आत जातो.

काचेमागचा दगड

स्थळ पाहणे आणि संग्रहालय पाहणे यांत फरक आहे. स्थळावर वस्तू आपल्या जागी असते, संग्रहालयात ती जागेपासून तुटलेली असते. म्हणून संग्रहालयात प्रत्येक वस्तूला पहिला प्रश्न विचारावा : तू कोठून आलीस?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी येणाऱ्या आपल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना आम्ही दुसऱ्या दिवशी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेतो. १९२२ साली ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने लोकांसाठी खुले झाले. तेथील शेकडो वस्तूंपैकी आम्ही ठरवून मोजक्याच वस्तू पाहतो. त्यांतील एक आहे सोपाऱ्याला सापडलेला, अक्षरे कोरलेला दगडाचा तुटका तुकडा. प्रथमदर्शनी मुलांची निराशा होते. मग त्यांना सांगतो की, लेखाच्या आरंभी ज्याचा उल्लेख केला तोच हा अशोकाचा आठवा शिलालेख. धम्मयात्रेविषयीचा लेख आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, आजच्या पालघर जिल्ह्यात, कोरला गेला होता. हे कळताच तीच मुले काचेला नाक लावून धम्मलिपीतील अक्षरे शोधू लागतात.

हा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उजेडात आणला. त्याच वर्षी त्यांनी सोपाऱ्याच्या एका टेकाडाचे उत्खनन केले. स्थानिक लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. तो होता एक स्तूप. आत दगडी पेटीत अस्थिकरंडक आणि आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. येथे पुन्हा नावाचा प्रश्न येतो. स्तूप विस्मृतीत गेला आणि त्याच्यावर टोपल्या विणणाऱ्या जातीचे नाव चढले. वेरूळच्या दहाव्या लेण्यात छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरल्या आहेत. म्हणून ते चैत्यगृह ‘सुताराची झोपडी’ किंवा ‘विश्वकर्मा’ झाले. नाशिकची त्रिरश्मी लेणी ‘पांडवलेणी’ झाली. बुद्धाचे नाव पुसले गेले, तेव्हा लोकांनी जागा रिकामी ठेवली नाही. कोठे कष्टकऱ्याचे तर कोठे पुराणपुरुषाचे नाव दिले. यांतील कोणते नाव कोणी आणि का दिले असेल, यावर मुले तासभर वाद घालतात. त्या वादात इतिहासाचे खरे शिक्षण होते.

पालकांचे ज्ञान

आपल्या विद्यालयातील बहुसंख्य पालक शेतमजूर, ऊसतोड कामगार, बांधकामावर राबणारे आहेत. “दगडं बघायला पैसे कशाला, सर?” असे एका वडिलांनी मला सरळ विचारले होते. ते स्वतः दगड घडवण्याचे काम करीत. मी त्यांनाच सहलीला सोबत नेले. वेरूळला त्यांनी भिंतीवर तळहात फिरवला आणि मुलांना टाकीचे घाव कोणत्या दिशेने पडले ते दाखवले. आधी वरचे छत कोरायचे आणि मग खाली उतरत यायचे, म्हणजे परांची बांधावी लागत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितले. एका अर्धवट राहिलेल्या खोलीपाशी थांबून ते म्हणाले, “इथं कारागीर थांबला. पुढं त्याचं काय झालं, ते तुमच्या पुस्तकात आहे का?”

ते माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. लेणी राजांनी आणि दानशूरांनी ‘कोरली’ असे आपण लिहितो. कोरणाऱ्याचे हात त्या वाक्यात नसतात. त्या दिवसापासून दरवर्षी निदान दोन पालक सहलीला येतात आणि त्यांचा एक तास राखून ठेवलेला असतो. आपल्या बापाला सर्व वर्ग कान देऊन ऐकतो आहे, हे पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरील भाव कोणत्याही परीक्षेच्या निकालात दिसत नाहीत.

आमची पद्धत

इतर शाळांतील शिक्षकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी ही पद्धत थोडक्यात देतो.

सहलीपूर्वी : एका दिवसासाठी एकच स्थळ निवडावे. दोन आठवडे आधी त्याचा नकाशा भिंतीवर लावावा. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक प्रश्न लिहून आणावा. सुट्टीचा वार पाहावा. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते, हे पालकांना आवर्जून सांगावे.

स्थळावर : पहिली दहा मिनिटे कोणी बोलू नये, केवळ पाहावे. नंतर प्रत्येकाने एका वस्तूचे चित्र काढावे. चित्र वाईट आले तरी चालेल, कारण हात फिरताना डोळा थांबतो. अंतर पावलांनी मोजावे. भिंतीला खडू, नाणे वा खिळा लावू नये. आपले नाव दगडावर लिहिण्याची इच्छा झाली तर ते वहीत लिहावे. शिक्षकाने माहिती सर्वांत शेवटी सांगावी.

परतल्यावर : तीन रकाने भरावेत. अनुत्तरित प्रश्नांची यादी ग्रंथालयात लावावी आणि पुढील वर्षीच्या वर्गाला ती सोपवावी. आमच्या यादीतील काही प्रश्न अनेक वर्षे तसेच आहेत. कोणी माजी विद्यार्थी त्यांपैकी एकाचे उत्तर घेऊन परत येईल, या आशेने आम्ही ते खोडलेले नाहीत.

समारोप

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघेही तेथे शेजारी आहेत. ज्या मार्गावर १९३४ साली शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला पाहावा लागला, त्याच मार्गाच्या एका टोकाला सोळा वर्षांनी ज्ञानाचे दार उघडले. आपली मुले जेव्हा बसच्या खिडकीतून हा रस्ता पाहतात, तेव्हा त्यांना दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात, एवढीच माझी अपेक्षा आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण आता स्वतःच्या मुलाबाळांसह वेरूळला जाल. कैलास अवश्य पाहा, तो मानवी हातांचा अपूर्व पराक्रम आहे. पण त्याआधी दक्षिणेकडे वळून पाचव्या लेण्यात जा. मुलांना त्या लांब ओट्याशी बसवा. लेण्याचे नाव मोठ्याने सांगा आणि त्यांच्या प्रश्नाची वाट पाहा. मी पहिल्या खेपेला जे लपवले, ते आपण लपवू नका.